आया सोफियाचा सज्जा



गेल्या अंकातला इस्तंबूलवरचा लेख आवडीने वाचला. आम्हीही नुकतेच तिथून परतलो. बॅगा अजून पुरत्या रिकाम्या झालेल्या नाहीत. पण आया सोफियाचे २५ युरो पाण्यात गेले, हा लेखकांचा शेरा पटला नाही.

तिकीट महाग आहे, वादच नाही. जानेवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकांना फक्त वरच्या सज्जात सोडतात, खालचं दालन नमाजासाठी. ५३७ साली पुऱ्या झालेल्या त्या वास्तूच्या घुमटाखाली उभं राहता येत नाही, ही हळहळ रास्तच. पण सज्जात पाहण्यासारखं काही नाही? तिथल्या संगमरवरी कठड्यावर कुणा व्हायकिंगने रूनी लिपीत आपलं नाव कोरून ठेवलंय, हाल्फदान. (आपल्या गडांवर नावं कोरणाऱ्यांचा हा पूर्वजच!) त्याच सज्जात व्हेनिसच्या एन्रिको दांदोलोच्या नावाची शिळा आहे. १२०४ साली क्रूसेडवाल्यांनी हे तेव्हाचं ख्रिस्ती शहर लुटलं, त्यांचा हा म्होरक्या. म्हातारा आणि दृष्टी गेलेला. त्या लुटीतले घोड्यांचे चार पुतळे व्हेनिसच्या सान मार्को चर्चमध्ये आजही आहेत.

‘सगळ्या मशिदी सारख्याच’ म्हणणाऱ्यांनी वास्तुकार सिनानची सुलेमानिये (१५५७) पाहावी. तिथे तिकीटही नाही.

आणि बॉस्फरसच्या महागड्या क्रूझचं एवढं कौतुक कशाला? एमिनोन्यूहून कादिक्यॉयची साधी फेरीबोट घ्यावी. चहाचा पेला संपेपर्यंत युरोपातून आशियात पोचवते.

– एक वाचक, ठाणे