गर्भस्थ हृदयापासून उजळणी

वार्षिक परीक्षेपूर्वीचे काही आठवडे उजळणीकडे वर्ग करण्याचा शिरस्ता आपल्या विद्यालयांत जुना आहे. आणि त्या मुदतीत जीवशास्त्राच्या वाट्याला जे मोजके तास येतात, त्यांत हृदयाची आकृती फळ्यावर काढून तिच्या भागांना नावे देवविली, आरोग्याच्या प्रकरणातील रोगांची यादी पाठ करून घेतली आणि मानवी प्रजननाचे प्रकरण ‘घरी वाचून या’ एवढ्या हुकमावर निकालात काढले, की अभ्यासक्रम पुरा झाल्याची नोंद दप्तरी होते. या हुकमामागील संकोच आम्ही जाणतो. परंतु ज्या प्रांतात र. धों. कर्वे यांनी १९२७ साली लैंगिक शिक्षणाचे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून, खटले व दंड सोसून, ते १९५३ पर्यंत चालविले (आणि कर्वे गणिताचे प्राध्यापक होते, हे जीवशास्त्राच्या अध्यापकांनी ध्यानी घ्यावे), तेथे हा संकोच आता शोभत नाही.

आमची सूचना अशी, की ही प्रकरणे वेगवेगळी न घोकविता उजळणीचा आरंभ गर्भस्थ बालकाच्या हृदयापासून करावा. फलनानंतर सुमारे तीन आठवड्यांनी हे हृदय स्पंदू लागते. पुढे महिनोन्‌महिने फुप्फुसे श्वसनाच्या कामास लागलेली नसताना त्या रक्तास ऑक्सिजन कोठून मिळतो, असा प्रश्न वर्गापुढे ठेवला म्हणजे अपरा, नाळ आणि अभिसरण ही एकाच विचारात येतात. नाळेतून दोन रोहिण्या ऑक्सिजन कमी असलेले रक्त अपरेकडे नेतात, एक नीला ऑक्सिजनयुक्त रक्त बालकाकडे आणते, आणि मातेचे व बालकाचे रक्त एकमेकांत मिसळत नाही. एवढे कळल्यावर, रोहिणीत सदैव ऑक्सिजनयुक्तच रक्त असते हा पाठ केलेला नियम आपोआप ढासळतो; हृदयापासून दूर नेते ती रोहिणी, हृदयाकडे आणते ती नीला, ही व्याख्या उरते, आणि फुप्फुस-रोहिणीचे गूढही राहत नाही.

याच हृदयात दोन कर्णिकांमधील पडद्यास एक छिद्र असते, आणि फुप्फुस-रोहिणीस महारोहिणीशी जोडणारी एक आखूड वाहिनीही असते. त्यामुळे बहुतेक रक्त फुप्फुसांना वळसा घालून जाते. पहिल्या श्वासाबरोबर फुप्फुसे उलगडतात, त्यांतून परतणाऱ्या रक्ताने डाव्या कर्णिकेतील दाब वाढतो आणि छिद्रावरील पातळ पडदा दारासारखा लोटला जातो. ती वाहिनी पुढील काही दिवसांत आक्रसते. क्वचित ती उघडीच राहते, आणि मग वैद्यकीय उपचारांची तजवीज करावी लागते.

प्रौढ हृदयाकडे वळताना आकड्यांची भीती बाळगू नये. प्रत्येक स्पंदनास सुमारे ७० मिलिलिटर, मिनिटास ७२ स्पंदने, हा गुणाकार विद्यार्थ्याने स्वतः केला तर सुमारे पाच लिटर येतात, म्हणजे प्रौढ शरीरातील जवळजवळ सगळे रक्त. विल्यम हार्वेने १६२८ साली अशाच हिशेबावरून प्रतिपादिले, की एवढे रक्त अन्नापासून सतत नव्याने निर्माण होणे अशक्य. तेच फिरून परत येत असले पाहिजे. ते परतते कोठून, ते केशवाहिन्यांचे जाळे मात्र त्याला दिसले नाही. १६६१ साली मालपिघीने बेडकाच्या फुप्फुसात ते पाहिले.

आरोग्याच्या प्रकरणात यादीऐवजी एकच रोग घ्यावा, ऱ्हुमॅटिक ताप. तो मुख्यतः पाच ते पंधरा वर्षांच्या वयात, म्हणजे आपल्याच वर्गांत, आढळतो. स्ट्रेप्टोकोकस जंतूने घसा दुखतो, उपचारांची हयगय होते, काही आठवड्यांनी सांधे सुजतात, आणि जंतूंविरुद्ध उभी राहिलेली शरीराची प्रतिकारशक्ती हृदयाच्या द्विदल झडपेवरच उलटते. वेळीच पेनिसिलिन मिळाले असते तर हा अनर्थ बहुधा टळला असता.

राहता राहिले लिंगनिश्चितीचे कलम. बीजांडात सदैव एक्सच, शुक्राणूत एक्स किंवा वाय, हे एका गुणाचे उत्तर म्हणून लिहविले जाते. गर्भलिंगपरीक्षेला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली, केंद्राच्या १९९४ च्या कायद्याआधीच केला, तरी मुलगा होत नाही म्हणून सुनेला बोल लावणारी घरे सरलेली नाहीत. प्रजननाच्या तासाला मुलामुलींना निरनिराळ्या खोल्यांत बसविण्याची व्यवस्था कित्येक शाळा करतात. तिला आमचा अनुकूल अभिप्राय नाही, कारण वाय गुणसूत्र कोणाकडून येते हे मुलींइतकेच मुलांनीही, आणि मुलींच्या देखत, ऐकणे आवश्यक आहे.