निरोप आमचा, मनमानी कंपन्यांची



दल्ली-राजहराचे लोहखनिज मरोद्यावरून भिलाईत येते. या मार्गावरील आमचे गँगमन, पॉइंट्समन पाळ्यांमुळे एकत्र भेटत नाहीत. सभेचा निरोप मोबाईलवरच धाडावा लागतो. पण भरवसा कुणाचा धरायचा? गूगलने २०१३ साली हँगआउट्स आणले, २०१६ साली ॲलो. ॲलो २०१९ साली गुंडाळले, हँगआउट्स २०२२ साली. देशी म्हणून मिरवलेले हाईकही २०२१ साली बंद! वापरणाऱ्यांना विचारले कुणी? 'नवे घ्या' एवढाच हुकूम. ठेका संपताच माणसे हाकलणाऱ्या ठेकेदाराची भाषा वेगळी असते काय? फुकट दिले, म्हणतात. फुकट कसले? माणसे तर आम्हीच जोडून दिली! यापुढे सभेची नोटीस आधी फलकावर लागेल, वहीत सह्या होतील. मोबाईलचा नंबर त्यानंतर.