बारीचे कुंपण

रायपूरच्या ग्रामीण भागात घरामागील भाजीच्या तुकड्यास ‘बारी’ म्हणतात. भाताची कापणी आटोपली की गुरे मोकळी सोडावयाची, ही तेथील जुनी रीत. आणि नेमक्या त्याच दिवसांत बारीतील टोमॅटो, वांगी, कोबी मूळ धरीत असतात. महिनाभर वाफ्यात जपलेली रोपे एका रात्रीत फस्त होतात. मग खतपाण्याचे वेळापत्रक काय कामाचे? खरिपात गुरे आवरण्याची ‘रोका-छेका’ ही प्रथा तेथे आहेच. २०२० साली छत्तीसगड शासनाने तिची मोहीमही केली. तोच नियम हिवाळ्यात का नसावा? काट्यांचे कुंपण बारीवाला घालील. पण गुरे बांधण्याचे गावाने कापणीपूर्वीच ठरवावयास हवे, आणि त्यांच्या चाऱ्यासाठी पेंढा शेतात न जाळता राखावयास हवा.