भिंतींना फुटलेले कान

दिवाणखान्यातले बोलके यंत्र दिवा लावते, स्तोत्रे ऐकविते. पण ते ऐकतेही. पालकांनी पुसावयास सांगूनही मुलांच्या आवाजाची ध्वनिमुद्रणे ‘अलेक्सा’ने राखून ठेवली, या आरोपावरून २०२३ मध्ये अमेरिकेत अ‍ॅमेझॉनला अडीच कोटी डॉलर दंड मोजावा लागला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरविला. २०२३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली. पण ती संमती आपण अटी न वाचता, बोटाच्या एका स्पर्शाने देऊन मोकळे होतो! अनोळखी माणसाला माजघरात घेण्याआधी आपल्या आज्या गाव-गोत विचारीत. कुटुंब प्रबोधनाच्या पुढील बैठकीत हा विषय अवश्य घ्यावा. तत्पूर्वी त्या यंत्राने साठविलेले आपल्याच घरातले बोलणे एकदा ऐकावे, आणि पुसून टाकावे.