कॅमेऱ्याची किल्ली कोणाकडे?



या वेळच्या संपादकीयाची सुरुवात आमच्या एका चुकीपासून करायची आहे.

काही महिन्यांपूर्वी सल्ला केंद्राच्या वतीनं आम्ही दोघी एका घरी गृहभेटीला गेलो होतो. तक्रार नेहमीचीच: नवरा संशय घेतो, हातात पैसे देत नाही, दोनदा हात उचलला. तो कामावर असेल अशी वेळ धरून गेलो. बाहेरच्या खोलीत बसून तासभर बोललो. माहेरचा आधार किती, दागिने कोणाकडे आहेत, मुलीचा जन्मदाखला कुठे ठेवलाय, निघायची वेळ आलीच तर कुठे जाशील, असं सगळं. त्या रात्री नवऱ्यानं आमची वाक्यं जशीच्या तशी तिला ऐकवली. टीव्हीच्या वर, भिंतीच्या कोपऱ्यात लिंबाएवढा पांढरा कॅमेरा होता. आमचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. तिला तर त्याची इतकी सवय झाली होती, की तीही सांगायला विसरली. पुढे दोन महिने ती केंद्राकडे फिरकली नाही.

परत आली तेव्हा तिनं कॅमेऱ्याची हकीकत सांगितली. शेजारच्या इमारतीत भरदिवसा घरफोडी झाली होती. त्यानंतर एकेका घरात कॅमेरे लागायला लागले. यांच्याकडेही एका रविवारी फिटर आला. त्यानं भोकं पाडली, वायर ओढली. हिनं त्याला चहा केला, खाली पडलेला चुना झाडून काढला. शेवटी त्यानं विचारलं, "साहेब, नंबर कोणाचा टाकू?" नवरा म्हणाला, "माझाच टाका." झालं काम. तिला कोणी काही विचारलं नाही. पुढच्याच आठवड्यापासून भिंतीवरून आवाज यायला लागला. "तीन वाजले, अजून लोळतेयस?" "फोनवर कोण आहे?" मग त्यानं हात उचलला तेव्हाचं चित्रण कुठे आहे? ते नाही. ज्याच्या फोनवर कॅमेरा, त्याच्याच बोटाखाली पुसायचं बटण.

पूर्वी घरात सत्ता कोणाची हे किल्ल्यांच्या जुडग्यावरून कळायचं. कोठीची, कपाटाची किल्ली जिच्या कमरेला, तिचा शब्द चालायचा. आज घरात एक नवी किल्ली आली आहे. ती दिसत नाही, वाजत नाही. ती म्हणजे कॅमेऱ्याचा पासवर्ड. कॅमेरा कुठे लागेल, काय टिपेल, ते कोण बघेल आणि कोण पुसेल, हे सगळं त्या किल्लीवर ठरतं. आणि ही किल्ली कोणाच्या हाती द्यायची, हे फिटर घरात असतो त्या तासाभरात ठरून जातं.

आम्ही कॅमेऱ्याच्या विरोधात नाही. आमच्या गटातली एक मैत्रीण एकटी राहते. शेजारचा एक माणूस रात्री-अपरात्री बेल वाजवायचा, दारात घाण टाकायचा. चौकीत गेलं की प्रश्न एकच, "बाई, पुरावा काय?" तिनं स्वतःच्या पैशानं दारावर कॅमेरा लावला. आठ दिवसांनी चित्रण घेऊन गेली आणि तक्रार लिहून घ्यावीच लागली. या दोन घरांत फरक काय? हिच्या कॅमेऱ्याचं तोंड बाहेर आहे आणि किल्ली हिच्याकडे आहे. पहिल्या घरातल्या कॅमेऱ्याचं तोंड बाईकडे आहे आणि किल्ली ज्याची तिला भीती वाटते त्याच्याकडे.

'सुरक्षा' हा शब्द आपण नीट तपासून घ्यायला हवा. सुरक्षा कोणाची, आणि कोणापासून? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) 18 ते 49 वयाच्या, लग्न झालेल्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे 29 जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. म्हणजे बाईला ज्याचं भय आहे, तो पुष्कळदा दार फोडून येत नाही. त्याच्याकडे दाराची किल्ली असतेच. आता कॅमेऱ्याचीही असते.

वस्तीतल्या घरांत हा प्रश्न आणखी वेगळा होतो. दहा बाय बाराच्या खोलीत 'बाहेरची खोली' कोणती आणि 'आतली' कोणती? तिथेच स्वयंपाक, तिथेच झोपणं, कोपऱ्यात मोरी. अशा घरात आत लावलेला कॅमेरा हा मोरीवरच लावलेला कॅमेरा असतो. चाळीच्या गॅलरीत लावला तर समोरच्या चार दारांतली प्रत्येक बाई कधी आली, कधी गेली, याची नोंद एकाच्या फोनवर होत राहते. आणि घरकाम करणाऱ्या आपल्या बहिणी? मालकीण ऑफिसातून बघत असते, बाईनं पाणी पिताना किती वेळ लावला ते. त्या बाईला कॅमेरा आहे हे सांगितलेलंही नसतं. इथे किल्ली बाईच्याच हातात असते, तरी अन्याय होतोच. हे आपण स्वतःशीही कबूल केलं पाहिजे.

मग कॅमेरा बसवायचाच असेल तर काय करायचं? फिटरला फोन करण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसावं. त्यात सासू, सून, मोठ्या मुली आणि कामाला येणारी मावशीही हवी. दार, जिना, गेट, गाडी लावायची जागा इथे कॅमेरा समजण्यासारखा आहे. झोपायची, कपडे बदलायची, अंघोळीची जागा, किंवा मुक्कामी राहणारी बाई झोपते ती जागा, इथे नाही म्हणजे नाही.

फिटर ज्याचा पत्ता ठाऊक आहे अशा दुकानातला घ्यावा. कॅमेरे, रेकॉर्डर, हार्डडिस्क, वायर आणि मजुरी वेगवेगळी लिहिलेलं पक्कं बिल मागावं. येणाऱ्या माणसाचं नाव आणि नंबर दुकानाकडून आधी घ्यावा. घरात एकटी असाल तर शेजारणीला बोलवून ठेवावं. कॅमेरा भिंतीत पक्का करण्याआधी त्याला काय दिसतं ते पडद्यावर स्वतः बघावं. आवाज टिपण्याची गरज नसेल तर माईक बंद करून घ्यावा.

सगळ्यांत महत्त्वाचं काम शेवटी असतं. फिटर घाईत असतो, आणि तेव्हाच आपण घाई करू नये. कारखान्यातून आलेला पासवर्ड आपल्यासमोर बदलायला लावावा आणि नवा आपण स्वतः टाइप करावा. मुख्य खातं त्याच्या नंबरावर नको, आपल्या नंबरावर हवं. 'दुरुस्तीला सोपं जाईल' म्हणून तो स्वतःचं नाव ठेवू पाहील. नम्रपणे नाही म्हणावं. ज्यांना चित्रण बघता येतं अशांची यादी उघडून दाखवायला सांगावी आणि अनोळखी नाव दिसलं तर काढून टाकावं. रेकॉर्डर दुरुस्तीला न्यायचा असेल तर हार्डडिस्क काढून घरी ठेवावी, कारण तीत आपल्या घराचे कित्येक दिवस साठवलेले असतात. भाड्याच्या घरात आधीचाच कॅमेरा असेल तर काढून घ्यायला सांगावं, नाहीतर सगळं मूळपदावर आणून पासवर्ड नव्यानं घालावा.

हे फाजील काळजीतून सांगत नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातली, तपासणीच्या वेळची स्त्रियांची चित्रफीत इंटरनेटवर विकली जात असल्याचं उघड झालं. अहमदाबादच्या सायबर पोलिसांनी पकडलेल्यांत आपल्या लातूर आणि सांगली जिल्ह्यांतले तरुण होते. देशभरातल्या कॅमेऱ्यांमधली चित्रणं या बाजारात होती, आणि न बदललेला सोपा पासवर्ड हे त्यामागचं एक कारण होतं. त्या बायका तिथे विश्वासानं गेल्या होत्या.

कायदा कुठवर पुरतो? खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी सांगितलं. पण 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा, व्यक्तीनं स्वतःच्या घरगुती कारणासाठी वापरलेल्या माहितीला लागूच होत नाही. पुन्हा तोच उंबरठा! अंघोळ करताना, कपडे बदलताना चोरून चित्रण केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 77 आहे. पण दिवसभर बाहेरच्या खोलीत पाळत ठेवली तर? तिथे कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा (2005) कामाला येऊ शकतो. मानसिक छळ त्यात येतो, आणि कलम 18 खालच्या संरक्षण आदेशात दंडाधिकारी विशिष्ट कृत्यांना मनाई करू शकतात. तेव्हा अर्जात 'मानसिक त्रास देतो' एवढंच मोघम न लिहिता कॅमेरा कुठे आहे, कोण बघतं, काय बोलतं हे तारखांसह लिहावं आणि घरातला कॅमेरा काढण्याची मागणी स्पष्ट करावी. हेही ध्यानात असू द्यावं, की जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जोडीदाराचं चोरून केलेलं ध्वनिमुद्रण वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून घेता येतं असा निर्णय दिला आहे. हे हत्यार दुधारी आहे. बाईलाही ते उपयोगी पडेल, पण ज्याच्याकडे किल्ली आहे त्याला आधी. चित्रण आपल्या बाजूचं असेल तर लगेच प्रत काढून ठेवावी. हार्डडिस्क भरली की जुन्यावर नवं चढतं.

आमच्या केंद्रानं आता काही गोष्टी ठरवल्या आहेत. गृहभेटीत पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा. असेल तर विचारपूस करून निघायचं आणि खरं बोलणं केंद्रावर, अंगणवाडीत किंवा मैत्रिणीच्या घरी. "कॅमेरा उपटून टाक" असा सल्ला मात्र द्यायचा नाही. तो अचानक बंद पडला तर पलीकडे बघणारा सावध होतो, आणि मार तिला खावा लागतो. आधी निघायची वाट, मग कॅमेरा. तातडीला 112, महिलांसाठी 181 आणि ऑनलाइन गुन्ह्यांसाठी 1930 हे नंबर तिला तोंडपाठ करून द्यायचे, कारण कागदावर लिहिलेला नंबरही कॅमेऱ्याला दिसतो.

आणि ती? तिनं अर्ज केला आहे. त्यात कॅमेऱ्याचा स्वतंत्र परिच्छेद तिनं स्वतः सांगून लिहून घेतला. सध्या ती मुलीला घेऊन बहिणीकडे राहते. परवा म्हणाली, "ताई, दुपारी झोपले. जाग आल्यावर पहिल्यांदा भिंतीकडेच बघितलं."

तुमच्या गटात, वस्तीत असे अनुभव असतील. ते आम्हाला जरूर कळवा. आपल्या भागातल्या फिटरशीही बोला. "नंबर कोणाचा टाकू?" हा प्रश्न त्यानं घरातल्या बाईसमोर, तिलाही विचारावा, एवढं तरी आपण त्याच्या गळी उतरवू शकतो.