प्रवास आठ दिवसांचा, भार वर्षभराचा

जून महिन्यात शाळांना सुट्या लागल्या की अमेरिकेत कुटुंबेच्या कुटुंबे मोटारीने लांबच्या प्रवासाला निघतात. शिकागोहून डेन्व्हरला जाणारे असेच एखादे कुटुंब घ्यावे. अंतर सुमारे १६०० किलोमीटर. मिसिसिपी नदी ओलांडली की आयोवा आणि नेब्रास्का या राज्यांची सपाट शेते दिवसभर सोबत करतात. ८० क्रमांकाचा आंतरराज्य राजमार्ग त्यांतून जवळजवळ सरळ रेषेत जातो आणि नेब्रास्काच्या पश्चिम भागात ७६ क्रमांकाचा फाटा त्यातून फुटून कोलोरॅडोत उतरतो. येथे ताशी ७५ मैलांची, म्हणजे सुमारे १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. अशा प्रवासासाठी आज जी गाडी आदर्श मानली जाते ती ‘फुल साइझ एसयूव्ही’ या नावाने ओळखली जाते. मालवाहू ट्रकच्या धर्तीच्या सांगाड्यावर बांधलेली आणि सात-आठ माणसांना सामानासह सामावून घेणारी ही मोटार आहे. शेव्हरोले सबर्बन हे तिचे ठळक उदाहरण. लांबी पावणेसहा मीटरच्या जवळपास, वजन अडीच टनांच्या वर, टाकीत १०६ लिटर पेट्रोल आणि नव्या गाडीची किंमत ६० हजार डॉलरच्या पुढे, असा तिचा थाट आहे.

या गाडीवर टीका करणारे बहुधा तिच्या पेट्रोलपिण्यापासून सुरुवात करतात. परंतु निदान या प्रवासापुरते तरी गणित टीकाकारांच्या बाजूचे नाही. भरलेली गाडी राजमार्गावर लिटरला आठ किलोमीटर चालली असे धरले, तर डेन्व्हरपर्यंत २०० लिटर पेट्रोल लागेल. गाडीत सात माणसे असतील तर दर माणशी ते २८-२९ लिटर पडते. लिटरला १४ किलोमीटर जाणाऱ्या साध्या मोटारीतून दोघेच निघाले तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ५७ लिटर येते. शिवाय या मार्गावर शिकागोहून डेन्व्हरला जाणारी उतारूंची थेट गाडी दिवसातून एकच, तीही सारी रात्र घेणारी. आणि सात जणांचे विमानभाडे म्हणजे मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीने मोठाच खर्च. मागे नौका किंवा फिरते घर जोडायचे असेल तर लहान मोटारीचा विचारच संपतो. तेव्हा हा प्रवास या गाडीने करणारे कुटुंब उधळे आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल.

प्रश्न त्या प्रवासाचा नाही, तर प्रवास आटोपून घरी परतल्यानंतरच्या वर्षाचा आहे. आठ-दहा दिवसांच्या सहलीसाठी पसंत केलेली ही गाडी उरलेले साडेतीनशे दिवस शहरात फिरते. २०१९ मध्ये अमेरिकेतील दर चार नोकरदारांपैकी सुमारे तिघे मोटारीतून एकटेच कामावर जात होते. सात जणांसाठी बांधलेल्या गाडीत एक माणूस बसला आणि ती चौकाचौकात थांबत निघाली की लिटरला साडेसहा किलोमीटरही पदरात पडत नाहीत. ज्या हिशेबाने ती राजमार्गावर शहाणपणाची ठरली होती तोच हिशेब येथे उलटतो. विक्रेत्यांच्या जाहिरातींत मात्र ही गाडी नेहमी डोंगरापाशी किंवा मोकळ्या रस्त्यावर उभी असते. दूध आणायला निघालेली ती कधी दिसत नाही.

एका विशिष्ट कामाची गाडी सर्वसाधारण गाडी कशी झाली? ‘लोकांना ती आवडली’ हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. आवड तयार होण्यासाठी जमीन लागते आणि ती जमीन वॉशिंग्टनच्या कायद्यांनी नांगरून दिली. १९१९ साली आयझेनहॉवर हे तरुण लष्करी अधिकारी असताना वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोकडे निघालेल्या लष्करी वाहनांच्या ताफ्यात सामील झाले होते. त्या ताफ्याला मुक्कामी पोहोचायला दोन महिने लागले. पुढे अध्यक्ष झाल्यावर जून १९५६ मध्ये त्यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्यातून ४१ हजार मैलांच्या राजमार्गांचे जाळे उभे राहिले. खर्चाचा ९० टक्के भार केंद्र सरकारने उचलला. रेल्वेच्या वाट्याला असे औदार्य आले नाही. लांबचा प्रवास म्हणजे मोटारीचा प्रवास, हे समीकरण येथे पक्के झाले.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेल रोखले तेव्हा या समीकरणाला पहिला हादरा बसला. १९७५ च्या अखेरीस अमेरिकन काँग्रेसने इंधनाच्या काटकसरीचा कायदा केला आणि १९८५ पर्यंत मोटारींनी गॅलनला सरासरी २७.५ मैल, म्हणजे लिटरला साडेअकरा किलोमीटरांहून थोडे अधिक, धावावे असे बंधन घातले. मात्र शेतकरी आणि कारागीर यांच्या हलक्या ट्रकना वेगळी व सौम्य मोजपट्टी लावण्यात आली. १९८५ मध्ये ती २० मैलांच्या आसपास होती. सवलतीमागचा हेतू वाजवी होता. परंतु ट्रकच्या सांगाड्यावर गाद्यांची आसने आणि काचेची तावदाने बसवलेली कौटुंबिक गाडीही कायद्याच्या व्याख्येत ट्रकच ठरली. १९७८ मध्ये पेट्रोल उधळणाऱ्या मोटारींवर खास कर बसला; त्यातूनही ही गाडी सुटली. परदेशी ट्रकवर तर १९६४ पासूनच २५ टक्के जकात आहे. युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर कर लादला म्हणून चिडून बसवलेली ही जकात कोंबड्यांचा तंटा विस्मरणात गेला तरी टिकून राहिली. तिच्या आडोशाने डेट्रॉइटच्या कारखान्यांचा ट्रकचा धंदा परकीय स्पर्धेपासून सुरक्षित राहिला आणि त्याच सांगाड्यांवर मोठ्या कौटुंबिक गाड्या बेतणे सोपे झाले.

पुढे पळवाटेचा हमरस्ता झाला. एकूण भारक्षमता ६००० पौंडांहून अधिक असलेले वाहन धंद्यासाठी घेतल्यास त्याची किंमत उत्पन्नातून वजा करण्याची सवलत २००३ मध्ये एक लाख डॉलरपर्यंत वाढवण्यात आली. डॉक्टर आणि वकील यांनाही ती मिळू लागल्यावर ओरड झाली आणि पुढल्याच वर्षी अशा गाड्यांपुरती ती २५ हजारांवर आणावी लागली. नंतरच्या सुधारित नियमांत गाडीची लांबी-रुंदी जितकी अधिक तितकी इंधनाची अट शिथिल, असे सूत्र आले. म्हणजे गाडी मोठी करणे हाही नियम पाळण्याचा एक मार्ग झाला. पेट्रोलवरचा केंद्रीय कर १९९३ पासून गॅलनला १८.४ सेंट या आकड्यावर गोठलेला आहे. त्यातून राजमार्गांचा खर्च भागेनासा झाल्याने २००८ पासून सरकारी तिजोरीतून भर घालावी लागते. ही भर मोटार नसलेला नागरिकही घालतो. २०१८ मध्ये फोर्ड कंपनीने मस्टँगचा अपवाद सोडून साध्या मोटारींचा अमेरिकेतील बाजार सोडण्याचा निर्णय जाहीर केला, तो या सर्वांचा स्वाभाविक शेवट होता. ज्या वस्तूत नफा अधिक आणि बंधने कमी ती कारखानदार करणारच. ‘बाजाराचा कौल’ म्हणून ज्याचा गौरव होतो त्या कौलाची मतपत्रिका सरकारने छापली होती.

या गाडीच्या बाजूने शेवटचा आणि सर्वांत प्रभावी युक्तिवाद सुरक्षिततेचा. लहान मुले असलेल्या आईबापांना तो पटतो, यात नवल नाही. जड गाडीची हलक्या गाडीशी टक्कर झाली तर जड गाडीतील माणसे वाचण्याची शक्यता अधिक, हा पदार्थविज्ञानाचा नियमच आहे. तथापि उंची आणि वजन यांचे धोकेही असतात. २००० साली फोर्ड एक्सप्लोरर या मध्यम आकाराच्या एसयूव्हीला लावलेले फायरस्टोनचे टायर राजमार्गावर उन्हाळ्याच्या तापात फाटू लागले आणि गाड्या उलटल्या. अडीचशेहून अधिक माणसे दगावली आणि ६५ लाख टायर परत मागवावे लागले. पुढे टायरमधील हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि गाडी घसरू न देणारी नियंत्रणव्यवस्था कायद्याने सक्तीची झाली, तेव्हा कुठे उलटण्याचे प्रमाण आटोक्यात आले. नवी गाडी म्हणजे निश्चिंत प्रवास, हेही गृहीत धरता येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये जनरल मोटर्सला ६.२ लिटर क्षमतेच्या इंजिनातील दोषामुळे अमेरिकेतील सुमारे सहा लाख गाड्या तपासणीसाठी बोलवाव्या लागल्या. २०२१ ते २०२४ या वर्षांतील सबर्बन त्यांत होत्या. हे इंजिन धावत्या गाडीत बंद पडू शकत होते.

परंतु आत बसलेल्यांच्या धोक्यावर निदान उपाय निघाले. बाहेरच्यांचे तसे झाले नाही. अमेरिकेत २००९ मध्ये सुमारे ४१०० पादचारी वाहनांच्या धडकेने मरण पावले; २०२२ मध्ये हा आकडा साडेसात हजारांवर गेला. या वाढीला वेग, अंधारे रस्ते, चालकांच्या हातातील फोन अशी इतरही कारणे आहेत. तरी गाडीच्या उंचीचा वाटा दुर्लक्षिता येत नाही. अमेरिकन विमा कंपन्यांच्या राजमार्ग सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ज्या गाडीच्या बॉनेटची उंची ४० इंचांहून अधिक आहे तिच्या धडकेत पादचारी मरण पावण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या तोंडाच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त असते. बुटकी मोटार माणसाच्या पायांना धडकते. उंच गाडी छातीला किंवा डोक्याला. मूल असेल तर ते चालकाला दिसतही नाही. हौसेला मोल नसते असे म्हणतात. येथे मोल आहे, परंतु ते चुकते करणारा माणूस गाडीच्या बाहेर असतो. राजमार्गावर पादचारी नसतात म्हणून तेथे हा दोष लपतो.

या स्थितीत धोरण आवळले जाण्याऐवजी सैल झाले. जुलै २०२५ च्या करविषयक कायद्याने इंधनाचे निकष मोडणाऱ्या कारखानदारांवरील दंड शून्यावर आणला. पन्नास वर्षांपूर्वी तेलाच्या टंचाईतून जन्मलेला कायदा पुस्तकात राहिला आणि त्याचा दरारा गेला.

ही सारी कथा दूरच्या देशाची म्हणून सोडून देण्याची सोय महाराष्ट्राला उरलेली नाही. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. नेब्रास्काप्रमाणेच येथेही मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे, दुचाकी आणि रिक्षांना बंदी आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक आज एसयूव्ही वर्गातल्या आहेत. त्यांतील पुष्कळशा चार मीटरांच्या आतल्या, कराच्या व्याख्येत बसण्यासाठी आखूड केलेल्या आहेत. कायदा गाडीला आकार देतो याचा हा देशी पुरावा. मोठ्या एसयूव्हीवर पूर्वी वस्तू-सेवा कर व उपकर मिळून ५० टक्के भार होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. लहान गाड्यांचा करही १८ टक्क्यांवर आला, हे खरे. परंतु २०१७ पासून लागू असलेले इंधननिकष गाड्यांच्या सरासरी वजनाशी जोडलेले आहेत आणि वजन वाढेल तशी मर्यादा सैल होते. अमेरिकेच्या चुकीची ही भारतीय आवृत्ती आहे.

येथे तिची किंमत अधिक मोजावी लागेल. भारतात २०२२ मध्ये रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची आणि १९ टक्क्यांहून अधिक पायी चालणारी होती. समृद्धीवरून भरधाव आलेली उंच, जड गाडी आमण्याला महामार्ग सोडते, तेव्हा ती भिवंडी-ठाण्याच्या रस्त्यांवर उतरते. तेथे तिच्यासमोर दुसरी तशीच गाडी नसते. रिक्षा असते, हातगाडी असते, शाळेतून परतणारी मुले असतात. महामार्गासाठी शोभणारे वजन आणि वेगाची सवय घेऊन चालक या गर्दीत शिरतो.

यावर गाड्यांवर बंदी हा उपाय नाही आणि तशी मागणी शहाणपणाचीही नाही. कर वजनावर आकारणे हा सरळ मार्ग आहे. फ्रान्सने २०२२ पासून नव्या गाड्यांवर तसा कर बसवला; पॅरिसने ऑक्टोबर २०२४ पासून बाहेरून येणाऱ्या जड गाड्यांच्या वाहनतळाचे दर तिप्पट केले. मोठ्या कुटुंबांना आणि ज्यांच्या उपजीविकेला जड वाहन लागते त्यांना सूट देता येते. नव्या गाडीची सुरक्षा-तपासणी करताना आतल्या प्रवाशाइतकेच बाहेरच्या पादचाऱ्याचे गुण तोलावेत आणि ते गुण जाहिरातीत छापणे सक्तीचे करावे. वर्षातून एकदा सात जणांनी प्रवासाला निघायचे असेल तर मोठी गाडी भाड्याने घेता येते. उरलेले दिवस लहान गाडीवर निघतात, हे करांच्या दरांनीच लोकांना दाखवून दिले पाहिजे.

शिकागोच्या त्या कुटुंबाला कोणी दोष देऊ नये. त्याच्यापुढे जे ठेवले गेले त्यातून त्याने निवड केली. ते पुढ्यात ठेवणारे हात मात्र कायदेमंडळांचे होते आणि त्यांना पन्नास वर्षांचा अवधी मिळाला होता. महाराष्ट्राच्या महामार्गाचे वय अजून कोवळे आहे. आमण्याच्या उतारावर उभ्या असलेल्या पादचाऱ्याला मात्र पन्नास वर्षे थांबता येणार नाही.