टेलवरचा मराठवाडा

पैठणच्या नाथसागरातून निघालेला डावा कालवा जालना जिल्हा ओलांडून पाथरी-मानवतकडे येतो. आवर्तनाची बातमी आधी येते, पाणी मागाहून. वरच्या अंगाला मोटारी पडल्या की टेलच्या चारीत नुसते गवत दिसते आणि शेतकरी रात्री बॅटरी घेऊन गेटापाशी बसतो. 'वेगळा मराठवाडा हवा का?' असे त्याला विचारा. तो आधी पाळीची तारीख विचारील.

मार्च 2016 मध्ये तत्कालीन महाधिवक्ता श्रीहरी अणे यांनी जालन्यात स्वतंत्र मराठवाड्याची भाषा केली. विधिमंडळात गदारोळ झाला आणि अणे यांना पद सोडावे लागले. पुढच्याच महिन्यात लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा अखंडतेच्या घोषणा देणारे बरेच घसे शांत होते. वेगळे राज्य मागणे म्हणजे देश फोडणे नव्हे. घटनेच्या कलम 3 मध्येच त्याची वाट आहे. पण मागणी पुन्हा पुन्हा का उठते, याचा विचार न करता ती दडपणे हा निव्वळ आळस आहे.

गरिबीमुळे अशी चळवळ उभी राहते, हे अर्धसत्य. स्पेनमधला कॅटालोनिया काही गरीब नाही. ठिणगी पडते ती लेखी शब्द मोडल्यावर, आणि याचा पुरावा आपल्या घरातच आहे. निजामाच्या हैदराबाद राज्याचे 1956 मध्ये तीन वाटे झाले. तेलंगणाला आंध्रात नेताना सभ्य गृहस्थांचा करार झाला. तो पाळला गेला नाही. 1969 चे आंदोलन पेटले आणि 2 जून 2014 रोजी वेगळे राज्य झाले. कर्नाटकात गेलेल्या भागाला 2012 च्या घटनादुरुस्तीने कलम 371-जे मिळाले, शिक्षण आणि नोकऱ्यांतल्या आरक्षणासह. तिथे आता तक्रारीला कायद्याचा आधार आहे.

तिसरा वाटा आपला. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर कराराने मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष देण्याचे वचन दिले. 1956 मध्ये कलम 371(2) आले. त्यातली विकास मंडळे स्थापन व्हायला 1994 उजाडले. मधल्या काळात, 1974 मध्ये, गोविंदभाई श्रॉफ यांच्या नेतृत्वाखाली विकासाचे आंदोलन झाले, वसमतला पोलिसांच्या गोळीबारात विद्यार्थी बळी गेले. त्यांनी वेगळे राज्य नव्हे, वाटा मागितला होता. दांडेकर समितीने 1984 मध्ये राज्याचा एकूण अनुशेष 3,186 कोटी आणि त्यात मराठवाड्याचा सुमारे 750 कोटी काढला. मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली, तर पुनर्गठनाचा निर्णय घ्यायलाच मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2022 उजाडू दिला.

सगळा दोष मुंबईच्या माथी मारून मोकळे होता येत नाही. शंकरराव चव्हाण, निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री मराठवाड्याने दिले. खुर्ची आपली होती, तरी टेल कोरडेच राहिले. उद्या वेगळे राज्य झाले तरी पैठण वरच राहणार आणि पाथरी खालीच. शिवाय नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडवण्यासाठी 2005 च्या ज्या जलसंपत्ती नियमन कायद्यावर आज आपली भिस्त आहे, तो दोन राज्यांच्या भांडणात तोकडा पडेल. कृष्णेच्या लवादांत किती दशके गेली, हे डोळ्यांसमोर आहेच. म्हणूनच स्वतंत्र मराठवाड्याला आमचा पाठिंबा नाही.

मात्र राज्य सरकारने या विरोधाचा आधार घेऊन निवांत बसू नये. दांडेकर समितीने अनुशेष जिल्हावार मोजला; त्यामुळे पाथरीसारख्या तालुक्याची तूट परभणीच्या सरासरीत बुडून जाते. 2013 मध्ये केळकर समितीने तालुका हाच घटक धरावा, असे सुचवले. ती शिफारस मान्य करून तालुकानिहाय आकडे दर अर्थसंकल्पाबरोबर विधिमंडळात मांडावेत, आणि कोणत्या चारीला कधी, किती पाणी मिळाले याचा फलक प्रत्येक आवर्तनानंतर ग्रामपंचायतीपुढे लागावा.